डोमकळीची सावली

"मॅडम, हे फूल हाये का दारावरच्या घंटीचं बटन?"

शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी खरं तर खुशीत होते. सकाळीच त्यांना लिंक पाठवली होती. त्या वेब पानावर कपाशीचं फूल होतं, मी स्वतः काढलेलं, आणि त्याला सावली दिलेली.

"सावली दिसत नाही का, भाई?"

"सावली दिसून राह्यली. पन ते चौकटीची हाये. फूल तं तसंच कागदाले चिपकून बसलं."

मी माझ्या मोबाइलवर पान उघडलं. त्यांचं बरोबर होतं. फुलाभोवतीच्या न दिसणाऱ्या चौकोनाला सावली पडली होती. फूल मात्र त्या चौकोनात सपाट पडून होतं.

मी वेबसाइटी बनवते. बुलढाण्याला बसस्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. पतसंस्था, कॉलेजं, मंगल कार्यालयं असली कामं. मालक राजपूत सर. माणूस मेहनती, पण सावलीचा शौकीन. बटनाला सावली, फोटोला सावली, संस्थेच्या नावाला सावली. आमच्या धंद्यात सावली म्हणजे दागिना. घातला तर बरं, नाही घातला तरी काम अडत नाही. शकीलभाईंच्या कामात मात्र ते अडलं.

शकीलभाई शेतकऱ्यांच्या एका संस्थेत काम करायचे. शेतकी कॉलेज शिकलेले, रोहिणखेडचे, घरची शेती कपाशीची. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी पोखरली होती. बीटी बियाणं आलं तेव्हा झाडातच अळीचं विष असतं म्हणून लोक निर्धास्त झाले. फुलं, बोंडं उकलून पाहायची सवय मोडली. पुढे ही गुलाबी अळी त्या विषाला सरावली, पण लोक सरावानं निर्धास्तच राहिले. अळी बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार. वेचणीच्या वेळी ते फुटतं तेव्हा आत कापूस नसतो, पिवळी कडक कवडी असते. त्या वर्षी लोकांनी उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घालून ती मातीत मिसळली. शकीलभाईंच्या घरीही तेच झालं होतं.

"अळी दिसत नाही, पन तिची एक खून दिसते," पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते. "डोमकळी."

डोमकळी म्हणजे अळीनं आतून धाग्यानं बांधून टाकलेलं फूल. पाकळ्या एकीवर एक मुरडून बंद राहतात. फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखं दिसतं. ते तोडून चुरगळलं की आतली अळी संपली. फवारणीचं काम नाही. पण घाईत चालणाऱ्या माणसाला ती साधी कळीच वाटते. आणि ओळखायला वेळ थोडा असतो, कारण अळी पुढे बोंडाकडे निघून जाते.

म्हणून त्यांना मोबाइलवर उघडेल असं एक पान हवं होतं. एकीकडे चांगलं फूल, दुसरीकडे डोमकळी, बोट लावलं की मोठं होईल, खाली काय करायचं ते दोन ओळींत. फोटो का नको, हे मीही विचारलं. फोटो त्यांनी पाठवून पाहिले होते. इकडून तिकडे पाठवता पाठवता ते पुसट व्हायचे. आणि जिथे पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिल्याशिवाय नेटवर्क येत नाही, तिथे जड फोटो उघडतच नव्हते.

त्यावर उपाय म्हणजे व्हेक्टर. फोटो हा लाखो ठिपक्यांचा असतो. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, सूचना असतात. इथून सुरू कर, अशी वळणदार रेघ तिथपर्यंत ने, आत फिका पिवळा भर. मोबाइल त्या सूचना वाचून जागेवर चित्र काढतो. फाइल हलकी, आणि कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. वेब पानावर यासाठी जो प्रकार वापरतात त्याला एसव्हीजी म्हणतात.

त्यात एकच अडचण होती. असं चित्र मुळात सपाट असतं. कपाशीचं फूल फिक्या पिवळ्या रंगाचं, वेब पान पांढरं, पाकळीवर पाकळी सगळी एकाच रंगाची. उमललेलं फूल त्यातही ओळखू यायचं. डोमकळीची सगळी ओळख मात्र पाकळ्यांच्या मुरडीत. माझं पहिलं चित्र पाहून शकीलभाई म्हणाले होते, "हे तं लिंबू हाये." म्हणून सावली द्यायला घेतली, आणि त्याचं घंटीचं बटन झालं.

ती चूक समजायला सोपी होती. बटनाला जी सावली देतो तीच आज्ञा मी चित्राला दिली होती. ब्राउझरच्या लेखी प्रत्येक चित्र एका चौकोनी डब्यात असतं. ती आज्ञा डब्याला सावली देते. डब्यात फूल आहे की लिंबू, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

मग मी फिल्टर वापरला. एसव्हीजीत फिल्टर म्हणजे चित्रावर एकामागून एक करायच्या क्रिया. आधी फुलाच्या आकाराची काळी नक्कल करायची. मग ती ब्लर करायची, म्हणजे ओल्या बोळ्यानं कडा पुसाव्यात तशी धूसर. मग ऑफसेट, म्हणजे थोडी खाली, थोडी उजवीकडे सरकवायची. शेवटी तिच्यावर मूळ फूल ठेवायचं. आता सावली फुलाच्या आकाराची पडली, पण उजवीकडे सुरीनं कापल्यासारखी सरळ तुटली. फिल्टरला काम करायला ठरावीक जागा दिलेली असते, माझी सावली तिच्याबाहेर जात होती. जागा वाढवली, तुटणं थांबलं. मग प्रत्येक पाकळी वेगळी करून प्रत्येकीला सावली दिली.

ऑफिसच्या स्क्रीनवर डोमकळी अशी उठून आली की हात लावावासा वाटावा. राजपूत सर खुर्ची ओढून बसले. "आता काम दिसतंय, प्रज्ञा. हे प्रोजेक्टरवर दाखवू."

बुलढाण्यातच एका हॉलमध्ये संस्थेच्या मोठ्या लोकांची बैठक होती. पडदे ओढले, दिवे घालवले, भिंतभर डोमकळी उमटली. कुणीतरी म्हणालं, "वा, अगदी थ्रीडी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम पास झालं.

शकीलभाई बाहेर व्हरांड्यात उभे होते.

"मॅडम, गावात दाखवल्याबिगर मी हे कोनाले पाठवनार नाही. धाड गावच्या आठवडी बाजारात येता का?"

राजपूत सरांना ते पटलं नाही. "पास झालेल्या कामाला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे."

"हात नाही लावत, सर. फक्त दाखवून येते," मी म्हटलं आणि बाजारच्या दिवसाची सुटी टाकली.

जीपमधून धाडला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शकीलभाईंनी ओळखीच्या लोकांना थांबवलं. आपला मोबाइल काढायचा नाही, समोरच्याच्याच मोबाइलवर लिंक उघडायची, असं आमचं ठरलं होतं. पहिल्या भेटल्या द्वारकाबाई. नवरा-बायको दोघं कपाशी करायचे, बाई भाजीची पिशवी घेऊन निघाल्या होत्या. मोबाइल मुलाचा जुना, काचेवर चरे.

पान उघडलं. त्यांनी बोट फिरवलं आणि चित्र अडखळत अडखळत सरकलं. ब्लर करणं हे मोबाइलला कष्टाचं काम असतं. चित्र सरकलं की त्या स्वस्त मोबाइलला ते पुन्हा करावं लागत होतं. हे माझ्या ऑफिसात कधी दिसलंच नव्हतं.

द्वारकाबाईंनी पदराचा आडोसा केला. मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"याच्यावर मावा पडला," त्या म्हणाल्या.

"कुठे, मावशी?"

"हे काय, काळं काळं. काजळी धरली फुलाले."

मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. ती झाडावर चिकट पाणी सोडते आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, तिला काजळी म्हणतात. मी पुन्हा चित्र पाहिलं. पाकळ्यांच्या सांध्यात, फुलाखाली, सगळीकडे धूसर काळपट डाग. इतके दिवस मला ती सावली दिसत होती. आता काजळीशिवाय दुसरं काही दिसेना.

त्यांनी पुढे विचारलं, "याले कोनतं औषध मारू?"

आदल्या हंगामात घाबरलेल्या लोकांनी दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून फवारली होती. फवारता फवारता माणसं चक्कर येऊन पडली होती. आमच्या पानाचा सगळा उद्देश हा की फवारू नका, आधी फूल तोडा. आणि माझं चित्र पाहून बाई कृषी केंद्रात जाऊन माव्याचं औषध मागणार होती.

"हे अजून कच्चं काम आहे, मावशी," मी म्हटलं. "याच्यावरून काही मारू नका."

"मंग पक्कं झालं का दाखवजो," त्या म्हणाल्या आणि बाजारात मिसळून गेल्या.

शकीलभाईंनी आणखी काही जणांना विचारलं. एक म्हणाला, बोंड सडलं. एकाला उन्हात सावली दिसलीच नाही, नुसतं लिंबू दिसलं. एकाच्या मोबाइलचा ब्राउझर इतका जुना की त्याला फिल्टर कळतच नव्हता. त्यालाही लिंबूच.

परतताना जीपमध्ये शकीलभाई रस्त्याकडेची कपाशी पाहत होते. मग म्हणाले, "पात्या धरल्या मॅडम कपाशीले. आता फुलं येतीन."

पात्या म्हणजे फुलाआधीच्या बारीक कळ्या. म्हणजे आमच्या हातात थोडेच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी राजपूत सरांना सांगितलं की सावली काढून नव्यानं करायची.

"बाजारातल्या चार माणसांना कळलं नाही म्हणून?"

"सर, पान त्यांच्यासाठीच आहे."

"आणि ज्यांनी पास केलं त्यांना काय सांगू?"

"त्यांनी अंधारात पाहिलं, हे सांगा."

सर चिडले. मीही आवाज चढवला होता. थोड्या वेळानं ते माझ्या टेबलाजवळ आले. "पुढच्या बाजारापर्यंत काय ते कर. बाकीची कामं मागे पडता कामा नयेत."

बाकीची कामं सकाळी उरकायची आणि दुपारी फूल घेऊन बसायचं, असं मी ठरवलं. पण करायचं काय ते कळत नव्हतं. ब्लर कमी केला, डाग लहान झाला, पण डागच राहिला. काळ्याचा राखाडी केला, तर उन्हात गायब. शेवटी मी शकीलभाईंना फोन केला. "भाई, खरी डोमकळी कुठे मिळेल?"

मोताळ्याकडे एकानं विहिरीच्या पाण्यावर लवकर कपाशी लावली होती. तिला फुलं आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शकीलभाई स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फुलं घेऊन आले. एक उमललेलं, एक डोमकळी. "अळी आता खरंच आली मॅडम, पाहा," एवढंच बोलले.

मी दोन्ही फुलं ऑफिसच्या गच्चीवर नेली आणि भर उन्हात कठड्यावर ठेवली. मग वाकून नुसती पाहत राहिले.

आमच्या उन्हात सावली धूसर नसते. पाकळीची पाकळीवर पडलेली सावली कात्रीनं कापल्यासारखी धारदार होती. अगदी कडेला चिकटून, बारीक पट्टीसारखी. आणि ती काळी नव्हती. फिक्या पिवळ्या पाकळीवरची सावली गडद पिवळी, तपकिरीकडे झुकणारी होती. पाकळीचाच रंग, फक्त दाट. डोमकळीवर त्या पट्ट्या गोल फिरत वर गेल्या होत्या, आणि त्यामुळेच मुरड दिसत होती. मी ज्या सावल्या देत होते त्या ट्यूबलाइटखालच्या टेबलावरच्या होत्या.

खाली येऊन मी फिल्टर काढून टाकला. आता ब्लर नाही, काही नाही. प्रत्येक पाकळीच्या खाली तिचीच एक नक्कल ठेवली, गडद रंगाची, किंचित सरकवलेली. व्हेक्टरमध्ये यासाठी पाकळी पुन्हा काढावी लागत नाही. एकदा काढलेला आकार नाव घेऊन परत वापरता येतो, म्हणून फाइलही फुगत नाही. मोबाइललाही हिशेब नको, एक साधा आकार रंगवायचा एवढंच.

पण नक्कल सरकली की ती फुलाच्या बाहेर डोकावायची आणि जास्तीची वाळलेली पाकळी असल्यासारखी दिसायची. म्हणजे आणखी एक नवा रोग. यावर उपाय म्हणजे क्लिप. रांगोळीच्या छापासारखं समजा, जिथे भोक आहे तिथेच रंग पडणार. प्रत्येक सावलीला तिच्या खालच्या पाकळीचा छाप लावला. सावली त्या पाकळीवरच राहिली, बाहेर एक टिपूस नाही. हे काम किचकट होतं. पाकळ्या एकमेकींत अडकलेल्या, कुठली कुणावर पडते हे ठरवताना मी पुन्हा पुन्हा गच्चीवर जात होते. दुसऱ्या दिवशी फुलं कोमेजली तर शकीलभाईंनी नवी आणून दिली. ऊन कुठल्या बाजूनं येतं ते सगळ्या चित्रांत एकच ठेवलं. फुलाखालची जमिनीवरची सावली पूर्ण काढली. पानाची पार्श्वभूमी पांढऱ्याची गडद हिरवी केली.

राजपूत सरांनी पाहिलं आणि नाक मुरडलं. "कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतंय."

"हो सर. म्हणून प्रत्येक पाकळी वेगळी दिसते."

पण बाजारच्या दिवशी त्यांनी स्वतःची गाडी काढली. "चल. मला पण पाहू दे काय दिसतं ते."

धाडला गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी आपल्या महागड्या मोबाइलवर आधी जुनं पान उघडलं. उन्हाकडे पाठ केली, हातानं सावली धरली, मोबाइल तिरका केला. मग मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, "नवीन दाखव लोकांना."

एक म्हातारे बाबा बैल विकायला आलेल्या पाहुण्याची वाट पाहत उभे होते. शकीलभाईंनी त्यांच्या नातवाकडून आलेल्या मोबाइलवर पान उघडून हातात दिलं. या वेळी ते अडखळलं नाही. बाबांनी एका फुलावर बोट ठेवलं. "हे उमललं." मग दुसऱ्यावर. बोट तिथेच थांबलं.

"हे काऊन नाही उमललं? याले कोनी बांधलं?"

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. महिनाभर आम्ही ज्या प्रश्नासाठी धडपडत होतो, तो हाच होता.

"अळीनं बांधलं, बाबा. आतमंदी बसून हाये. हे असं दिसलं का तोडाचं अन् चुरगळाचं."

"फवाराचं नाही?"

"तोडल्यावर कायले फवारता?"

गर्दी जमली. एकानं विचारलं, दुसऱ्यानं सांगितलं, आम्हाला बोलायची फारशी गरज पडली नाही. द्वारकाबाईही आल्या. त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट निरखला. "मावा गेला वाटते," म्हणाल्या, आणि मग गंभीर होऊन, "अशे फुलं तं मागच्या साली आमच्या वावरात लय होते वो बाई. आम्ही म्हनो कळ्या हायेत."

राजपूत सर दुसरीकडे पाहू लागले.

त्याच आठवड्यात पान सगळीकडे गेलं. फुलं लागली तेव्हा मी एकदा रोहिणखेडला शकीलभाईंच्या वावरात गेले. त्यांची अम्मी आणि गावातल्या दोन बाया तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, चालत डोमकळ्या तोडून बादलीत टाकत होत्या. अम्मींनी एक माझ्या तळहातावर उकलली. आत तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अळी, अजून गुलाबी न झालेली, डोकं काळं. इतके दिवस जिचं घर काढत बसले होते तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

"देखा, बेटी? इतनी सी है," अम्मी म्हणाल्या. "पूरा खेत खा गई थी."

त्यांनी ती नखाखाली चिरडली आणि पुढच्या झाडाकडे गेल्या.

सगळीकडे असं झालं नाही. काही गावांत पान उशिरा पोचलं. काहींनी पाहूनही फवारणीच केली, कारण शेजारी फवारत होता. शकीलभाईंच्या कपाशीत अळी आलीच, पण बोंडं हाती लागली, आणि रोटाव्हेटर घालायची वेळ आली नाही. पुढच्या हंगामात त्यांनी आणखी किडींची चित्रं मागितली. ती मी आधी गच्चीवर पाहिली, मग काढली.

संस्थेतल्या एका मोठ्या साहेबांनी कळवलं की पहिलं डिझाइन जास्त आकर्षक होतं. ते वाया गेलं नाही. राजपूत सर अजूनही नव्या क्लायंटना तेच दाखवतात, खिडकीचा पडदा ओढून. त्यावर आम्हाला दोन मंगल कार्यालयं आणि एक ज्वेलर मिळाला.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. कुणी सावली मागितली की विचारते, हे पान लोक कुठे बसून पाहणार आहेत? हॉलमध्ये म्हणाले तर फिल्टर लावते. वावरात म्हणाले तर मोबाइल घेऊन आधी बाहेर उन्हात जाते.